ड्रॅगनच्या राज्यात पैसा येतो कुठून? (कादंबरी अडकली आहे, मदत हवी)

खडेबाजारकर
नमस्कार मंडळी. दीड वर्ष झालं, एक कादंबरी लिहायलोय. ड्रॅगनची दुनिया आहे, पण डोंगर-जंगल आपलं, बेळगावकडचं. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते तिथून चोर्ला घाटापर्यंतचा, पावसाचे चार महिने सूर्य न दाखवणारा मुलूख डोळ्यासमोर धरलाय. डोंगराच्या पोटात एक ड्रॅगन. गावकरी त्याचं नाव घेत नाहीत, 'थोरला' म्हणतात. थोरल्याच्या पोटाखाली मोहरांचा ढीग. खाली पेठ, राजा, टांकसाळ, खानावळ, सगळं आहे.

काल सातवं प्रकरण भाचीला वाचायला दिलं. नववीत आहे. वाचून झाल्यावर म्हणाली, "मामा, सगळं सोनं थोरल्याकडं आहे ना? मग नायकानं दिलेली मोहर घेऊन खानावळवाला मोड कशाची देतोय?"

मला उत्तर आलं नाही. राजा नाणी पाडतो असं मी लिहून गेलोय, पण कशाची पाडतो आणि ती लोकांच्या हातात कशी येतात याचा विचारच केला नव्हता. सुचवा काहीतरी. आणि हात जोडून सांगतो, सीमाप्रश्न आणू नका. मागचा धागा त्यानंच बंद पडला.

पुण्यात_अडकलोय
भाचीला माझ्यातर्फे कुंदा दे. खाण दाखवून मोकळा हो की! राजाची सोन्याची खाण, विषय संपला. कोलारची खाण आपल्याच राज्यात होती, रायचूरकडं हट्टीची खाण तर अजून चालू आहे. (आपल्याच म्हणजे... जाऊ दे, तू आधीच बजावलंयस.)

सराफकट्टा
खाण एवढी सोपी नसते गा. टनभर दगड फोडायचा, दळायचा, धुवायचा, आणि हाताला लागतं काही ग्रॅम. कोलारला शंभर-सव्वाशे वर्षं खणत होते, तीन किलोमीटरच्या वर खोल गेले, तेव्हा सगळं मिळून आठशे टनांच्या आसपास निघालं. २००१ मध्ये बंद केली, सोन्यापेक्षा ते काढायचा खर्च जड झाला म्हणून.

तू आधी मला ढिगाचं माप सांग.

खडेबाजारकर
दहा मीटर लांब, दहा रुंद, दोन मीटर उंच. थोरला वेटोळं घालून मावला पाहिजे की ओ.

सराफकट्टा
आता मजा बघ. नाण्यांच्या ढिगात फटी असतात, म्हणून साठ टक्केच सोनं धरतो. म्हणजे १२० घनमीटर. सोनं पाण्याच्या एकोणीस पटींहून जड. झालं तेवीसशे टन! तीन कोलार. रिझर्व्ह बँकेकडं आज साडेआठशे टनांच्या वर आहे, त्याच्या अडीच पटींहून जास्त. जुन्या वराह नाण्यासारखी साडेतीन ग्रॅमच्या आतली मोहर धरलीस तर नाणी अडुसष्ट कोटी. तुझ्या राज्याची लोकसंख्या किती?

आणि तुझा नायक शेवटी तांदळाच्या पोत्यात मोहरा भरून खांद्यावर टाकून पळतो असं तू मागच्या धाग्यात लिहिलं होतंस. पन्नास किलो तांदळाच्या पोत्यात मोहरा भरल्या तर वजन सातशे किलोच्या घरात जातं. खांदा सोड, बैलगाडीचा आस मोडेल.

खडेबाजारकर
अरे देवा. ते पोतं तर मुखपृष्ठावर काढून घेतलंय.

नाणेवेडा
धागा आवडीचा आहे, म्हणून लांबण लावतो.

खानावळीत मोहर टाकणं हीच पहिली चूक. आपल्या भागात सोन्याचं नाणं म्हणजे होन. शब्दच कन्नड 'होन्नु'वरून, होन्नु म्हणजे सोनं. विजयनगरचा वराह ३.४ ग्रॅमचा. असलं नाणं जेवणाच्या बिलाला देणं म्हणजे चहाच्या टपरीवर जमिनीचा उतारा ठेवून 'दोन हाफ दे' म्हणण्यासारखं. सोन्याचं बारकं नाणं फणम, वराहाचा दहावा हिस्सा. मसुराच्या डाळीएवढं. फुंकर मारली तर उडेल. तिकडं त्रावणकोरात चांदीचं चक्रम् असंच चिमुकलं होतं, ते मोजायला लाकडी फळी असायची, ओळीनं खळगे पाडलेली. मूठभर नाणी फळीवर ओतायची, हलवायची, एकेका खळग्यात एकेक बसलं की जास्तीची ओघळून जातात, आणि मोजणी झाली. ही फळी तुझ्या कादंबरीत चोरून टाक, कुणी रागावणार नाही.

रोजच्या बाजाराला तांबं. शिवाजी महाराजांनी १६७४ ला होन पाडला त्याचं कौतुक आपण करतो, पण गावोगाव फिरली ती तांब्याची शिवराई, आणि ती इंग्रजांच्या अमलातही बाजारात चालत राहिली. त्याखाली कवड्या. मालदीवहून गलबतं भरून यायच्या, बंगालात तर सरकारसारासुद्धा कवड्यांत भरायचे. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या जोगतिणीच्या गळ्यातली कवड्यांची माळ बघितली की मला दरवेळी वाटतं, ही एके काळची चिल्लर आहे.

आणखी एक. नाणं सगळीकडं सारख्या भावानं चालत नाही. आदिलशाहीत लारी चालायची, चांदीची तार मधोमध दुमडून केलेली, केसातल्या आकड्यासारखी. मराठ्यांचा रुपया गोकाकलाही पडायचा, त्यावर आझमनगर गोकाक असं टांकसाळीचं नाव आहे. ह्या गावचा रुपया त्या गावात नेला, किंवा नाणं झिजलं, की सराफ बट्टा कापायचा. 'नावाला बट्टा लागला' म्हणतो तो हाच बट्टा. तुझ्या पेठेत सराफ नसेल तर पेठच खोटी.

जाता जाता ड्रॅगनबद्दल. रोमचा लेखक प्लिनी पहिल्या शतकात कुरकुरला होता, की हिंदुस्थान दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स (रोमचं नाणं) गिळतो. मिरी, कापड इकडनं जायचं, सोनं-चांदी इकडं यायची आणि परत जायची नाही. रोमच्या बाजूनं बघितलं तर ड्रॅगन आपणच.

सराफकट्टा
शेवटचं वाक्य फ्रेम करून दुकानात लावतो. आलेलं सोनं परत जात नाही हे मी रोज बघतोय. मोडायला आणलेली पाटली गिऱ्हाईक तीनदा काऊंटरवर ठेवतं आणि तीनदा उचलतं.

खडेबाजारकर
माहिती भारी आहे, पण प्रश्न तिथंच. तांब्याची नाणी राजानं पाडली हे ठीक. लोकांनी ती घ्यायची का? आणि पाडली नव्हती तेव्हा बाजार कसा चालायचा? धान्याच्या बदल्यात मडकं, असं?

ऊसवाला_चिक्कोडी
मी शेतकरी माणूस, ड्रॅगन-बिगन कळत नाही. पण पैसा नसताना बाजार कसा चालतो ते बघितलंय.

एका वर्षी आमचं ऊसबिल आठ महिने लटकलं. (कुठल्या कारखान्याचं ते लिहीत नाही, ऊस परत तिथंच घालायचाय.) आठ महिने गावात नोट दिसायची वांदी. पण गाव थांबलं का? दोन लग्नं झाली, खत पडलं, ट्रॅक्टर फिरले. सगळं किराणावाल्या अण्णाच्या वहीवर. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही, सुतळीला बांधलेली पेन्सिल. प्रत्येक घराला एक पान.

मी ट्रॅक्टरवाल्याला म्हटलं, नांगरटीचे पैसे बिल आल्यावर देतो. तो म्हणाला, मला आत्ता लागतात. मग म्हटलं, अण्णाकडं जा, माझ्या नावावर सामान घे. तो गेला, अण्णानं माझ्या पानावर लिहिलं आणि त्याच्या पानावर जमा दाखवली. त्यानं सगळं सामान उचललंच नाही. मेकॅनिकला सांगितलं, माझी अण्णाकडं जमा आहे, तू घे. मेकॅनिकनं आपल्या पोराच्या वह्या त्याच हिशेबात उचलल्या. म्हणजे माझा आकडा चार घरं फिरला आणि एक नोट हलली नाही. अण्णाच्या गल्ल्यात त्या वेळी दोनशे रुपयेसुद्धा नसतील.

बिल जमा झालं त्या दिवशी अण्णानं माझ्या पानावर आडवी रेघ मारली. संपलं.

आता तुम्ही शिकलेली माणसं सांगा, त्या आठ महिन्यांत गावात पैसा होता का नव्हता?

पुण्यात_अडकलोय
बसचा कंडक्टर तिकिटाच्या मागं "बाकी ३०" लिहून देतो ते हेच की! एकदा निपाणीला उतरायच्या गडबडीत मी ते तिकीट शेजारच्याला वीस रुपयांना विकलं होतं. तो संकेश्वरपर्यंत जाणार होता.

नाणेवेडा
दहा रुपये बट्टा कापला त्यानं. पक्का सराफ.

निवृत्त_कॅशियर
ऊसवाले, होता. आणि धाग्याचं उत्तर तुमच्या पोस्टमध्ये आलंय, पण खाली कुणी वाचणार नाही म्हणून परत सांगतो.

चौतीस वर्षं बँकेत काढली. लोकांना वाटतं, कर्ज मंजूर झालं की आम्ही आत जाऊन कुणाच्या तरी ठेवीतल्या नोटा काढतो आणि कर्जदाराला देतो. तसं काही नसतं. एका बाजूला 'येणे' लिहितो, दुसऱ्या बाजूला त्याच्या खात्यावर आकडा जमा करतो. तो आकडा आधी कुठंच नव्हता. त्यानं चेक फाडला की तो फिरायला लागतो, कर्ज फिटलं की नाहीसा होतो. अण्णाची आडवी रेघ ती हीच. अर्थात वाटेल तेवढे आकडे लिहिता येत नाहीत, बुडीत निघालं की बँक गोत्यात येते. अण्णासुद्धा कुणाला किती द्यायचं ते तोंड बघून ठरवत असणार.

त्यामुळं खडेबाजारकर, तुमच्या राज्यात पैसा थोरल्याच्या गुहेतून येत नाही. तिथं तो जाऊन मरतो. जन्मतो खाली पेठेत, कुणीतरी कुणाच्या तरी नावावर काहीतरी लिहितं तेव्हा.

आता राजाचं नाणं लोक का घेतात? दसरा आठवा. आपट्याचं पान देऊन आपण 'सोनं घ्या' म्हणतो, समोरचा हसून घेतो, खिशात ठेवतो. दुसऱ्या दिवशी तेच पान रविवार पेठेत नेऊन गुळाची ढेप मागा बरं. पानात खोट नाही. ते पान कुठल्याच देण्यात वळतं होत नाही, म्हणून चालत नाही. राजानं उद्या दवंडी पिटली की घरपट्टी आपट्याच्या पानातच घेणार, तर संध्याकाळपर्यंत खानापूरच्या जंगलात एक आपटा शिल्लक राहणार नाही.

पण मग पान राजाच्याच झाडाचं पाहिजे. महंमद तुघलकानं १३३० च्या सुमाराला तांब्या-पितळेची नाणी काढली आणि चांदीच्या टंक्याच्या भावानं चालवा म्हणाला. नक्कल करणं सोपं, घरोघरी टांकसाळी सुरू झाल्या. शेवटी खोटी-खरी सगळी परत घेऊन खजिन्यातून चांदी मोजावी लागली त्याला.

खडेबाजारकर
काका, साष्टांग. मग असं करू का? थोरला दरवर्षी खंडणी मागतो, सोन्यातच. राजा ती भरतो. पण राजा लोकांकडून कर घेतो तो स्वतःच्या शिक्क्याच्या तांब्यात. म्हणून लोकांना तांबं पाहिजे, म्हणून ते राजाच्या सैन्याला धान्य विकतात, म्हणून खानावळवाल्याकडं मोड आहे!

नाणेवेडा
बसलं. राजाला सोनं हवं तर घाट उतरून मिरी आणि कापड बंदरावर जाऊ दे. आपल्या रामघाटातनं बैलांचे तांडे गोव्याकडं उतरायचेच की.

पुण्यात_अडकलोय
आणि नायक थोरल्याला मारून ते तेवीसशे टन बाजारात आणतो तेव्हा?

निवृत्त_कॅशियर
तेव्हा जोंधळ्याची पायली मोहरेला होईल. मालीचा राजा मन्सा मूसा १३२४ ला मक्केला जाताना कैरोत थांबला आणि एवढं सोनं वाटलं, की बारा वर्षांनीही तिथला सोन्याचा भाव सावरला नव्हता असं त्या काळचा इतिहासकार अल-उमरी लिहितो. त्याच्याकडं उंटांवर मावेल एवढंच होतं. तुमच्याकडं डोंगर आहे.

माझं ऐकाल तर ढीग हलवूच नका. प्रशांत महासागरात याप बेट आहे, तिथं दगडाची प्रचंड चाकं पैसा म्हणून चालायची. एक चाक आणताना वादळात समुद्रात बुडालं. तरी त्या घराची श्रीमंती कुणी नाकारली नाही. चाक तळाशी आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, पुरे. आपलीही कथा फार वेगळी नाही. १९५७ पासून कायदा असा आहे, की रिझर्व्ह बँकेनं किमान दोनशे कोटींची राखीव ठेवायची, त्यातलं एकशेपंधरा कोटींचं सोनं. नोटा किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. ते सोनं कोण बघायला जातं?

तुमच्या पेठेतला सावकार 'थोरल्याच्या ढिगावर' चिठ्ठ्या काढू शकतो. राखणदार एवढा जबर, की चोरीची भीती नाही. गुप्तधनावर नाग बसलेला असतो म्हणतात तसाच.

पुण्यात_अडकलोय
चिठ्ठी कुठल्या भाषेत छापणार?

नाणेवेडा
नोटेच्या मागं पंधरा भाषांची पट्टी असते, कन्नड चौथी, मराठी आठवी. इंग्रजी अकारविल्हे आहे, कुणी अंगावर घेऊ नये.

धागासंपादक
इथंच थांबा.

शहापूरची_माई
कालपासून वाचतेय. सगळे पुरुष ढीग मोजायलेत आणि वहीचं कौतुक करायलेत. वही कुणाच्या हातात असते ते कुणी विचारलं नाही.

आमचं घर विणकराचं. सासरे हातमागावर शहापुरी लुगडी विणायचे. सूत व्यापाऱ्याचं, माग आमचा. लग्नकार्य, आजारपण आलं की व्यापाऱ्याकडनं उचल घ्यायची. ती त्याच्या वहीत. दर आठवड्याला लुगडी पोचवायची, तो काठ बघणार, एखादा दोरा तुटलेला दाखवणार, मजुरीतनं कापणार आणि उचलीतली थोडी वळती करणार. सासऱ्यांना अंकलिपी येत होती, पण वही मोडी लिपीत. एकवीस वर्षं फेडली ती उचल. मूळ किती घेतली होती हे मरेपर्यंत त्यांना कळलं नाही.

ऊसवाल्या दादांचा अण्णा चांगला होता म्हणून रेघ मारली. न मारणारेपण असतात. तुमच्या पेठेत तो एक घाला, नाहीतर सगळं गोड-गोड होईल. थोरला नुसता झोपतो, हा जागा असतो.

ऊसवाला_चिक्कोडी
माई, खरं आहे. आमच्या अण्णाचा भाव पण रोखीपेक्षा दोन-चार रुपये चढाच असायचा. बोललो नाही इतकंच.

मांडेवाली
माई, म्हणून तर आम्ही बायका भिशी काढतो. बारा जणी, महिन्याला हजार, जिचा नंबर तिला बारा. व्याज नाही, वही नाही. ड्रॅगनच्या राज्यात बायका काय करतात ते पण दाखवा.

निवृत्त_कॅशियर
भिशीत पैसा तयार होत नाही हो, आहे तोच गोळा होऊन फिरतो. पण माईंचं म्हणणं मला लागलं. बँकेत आम्ही निदान पासबुक द्यायचो.

खडेबाजारकर
पासबुक! काका, सुटलं बघा. माई, तुमची परवानगी असेल तर सासऱ्यांची गोष्ट घेतो, नाव-गाव बदलून.

आता ऐका. थोरला मरून पन्नास वर्षं झाली आहेत. माहीत फक्त डोंगरावरच्या पुजाऱ्याला आणि सावकाराला. ढिगावरच्या चिठ्ठ्यांवर अख्खं राज्य चाललंय, खंडणीपण चालूच आहे, ती सावकाराच्या घरी जाते. नायिका विणकराची मुलगी. तिला बापाची उचल मूळ किती होती ते बघायचंय, म्हणून ती सोनं नाही, सावकाराची वही चोरते. पोतं बाद.

पुण्यात_अडकलोय
आणि डोंगरातनं धूर निघायचा तो?

खडेबाजारकर
पुजारी ओली लाकडं जाळतो.

सराफकट्टा
पुजाऱ्याला चिठ्ठीत पगार देतात का सोन्यात? सोन्यात असेल तर नायिकेनं तिथंच ओळखायला पाहिजे.

खडेबाजारकर
दादा, हे घेतलं. हात जोडले.

खानावळीचा प्रसंग आज नव्यानं लिहिला. खानावळवालीण मोहर हातात घेत नाही. "हे मला नको, याला मोड नाही. जेव तू, परत येशील तेव्हा दे," म्हणते, आणि कोळशानं भिंतीवर नायकाच्या नावापुढं दोन रेघा ओढते. भाचीला वाचून दाखवला. म्हणाली, "मामा, तुमच्या त्या डोंगरात चार महिने पाऊस असतो. ओल आली की भिंतीवरचा कोळसा राहील का?"

शहापूरची_माई
तिला सांग, वही करायची आणि चुलीच्या वर टांगायची. माझ्या सासूनं दुधाचा हिशेब असाच ठेवला होता. पानं धुरानं पार तपकिरी झालीत, आकडे अजून वाचता येतात.